खिडकीकाका

डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून समोर आलेल्या गाडीत चढणाऱ्याला खिडकी कधीच मिळत नाही. त्याला मिळतो तो दुसऱ्याच्या बगलेखालून येणारा उजेड. खिडकी हवी असेल तर डाऊन करून यावं लागतं. म्हणजे जायचं मुंबईला, पण चढायचं कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत. कल्याणला सगळे उतरले तरी आपण जागचं हलायचं नाही आणि तीच गाडी उलटी निघाली की मोठ्या रुबाबात पुन्हा डोंबिवलीवरून जायचं, फलाटावर घाम पुसत उभ्या असलेल्या आपल्याच शेजाऱ्यांशी नजरानजर टाळत.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी नोकरीची सगळी वर्षं हेच केलं. त्यांना आडनाव आहे, दारावर पाटीही आहे, पण गाडीतल्या ग्रुपने त्यांना खिडकीकाका म्हटलं आणि तेच सोसायटीच्या जिन्यापर्यंत आलं. कागदोपत्री ते फोर्टातल्या एका बँकेत होते. खरं तर ते लोकलच्या खिडकीत होते, बँकेत मधल्या वेळात जाऊन येत. असे काका तुमच्याही ओळखीचे असणार. ठाकुर्लीत तर गल्लीगल्लीत आहेत. ठाण्यातही आहेत, पण त्यांना आमचे काका मोजत नाहीत. ठाणेकरांना ठाण्याहूनच सुटणारी रिकामी गाडी मिळते. "आयती खिडकी," असं म्हणून ते विषय संपवतात.

डाऊन करून येण्यात सगळ्यात अवघड काय असेल तर कल्याण. गाडी पुरती थांबायच्या आत कल्याणकर उड्या मारून आत घुसतात आणि खिडकीत डोंबिवलीचा माणूस पेपर उघडून बसलेला बघतात. मग सुरू होतं, "काय राव, इथून सुटणारी गाडी आमची, आणि तुम्ही तिकडून बसून येता?" यावर काकांची दोन उत्तरं ठरलेली. पहिलं म्हणजे खिशातून पास काढून दाखवणं. पास ते कल्याणपासूनचाच काढत. डोंबिवलीचा पास काढून कल्याणला जाऊन येणारे लोक त्यांच्या लेखी भुरटे. दुसरं उत्तर जास्त परिणामकारक होतं. ते डोळे मिटून घेत. झोपलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे कल्याणकरांनाही मान्य आहे.

"काका, तुम्ही लगेच झोपता कसे?" मी एकदा विचारलं.

"झोपतोय कोण? मी डोळे मिटून बसतो," ते म्हणाले आणि पुढच्या मिनिटाला घोरायला लागले.

काकांच्या मते खिडकी नुसती मिळून भागत नाही, ती बरोबर बाजूची मिळावी लागते. यामागे पक्कं शास्त्र आहे आणि गाडीत नव्याने येऊ लागलेल्या प्रत्येक पोराला ते ऐकावंच लागतं. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत गाडी साधारण पश्चिमेकडे धावते, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी असतं, कुणाला त्रास नाही. मुलुंडपासून ती दक्षिणेला वळते आणि ऊन डावीकडच्या लोकांच्या कानशिलावर येतं. संध्याकाळी घरी येताना तोंड उत्तरेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावी बाजू. "जाताना डावी तापते, येतानाही डावीच तापते. देवाने उजवी बाजू कशाला केलीय मग?" हे झालं उन्हाळ्याचं. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणून सकाळी उजवी बाजू भिजते आणि काका जून लागला की सकाळपुरते डावीकडे जातात. ढगाळ दिवसात ऊन नसतंच, तेव्हा डावीकडचा तोटाही राहत नाही. संध्याकाळी मात्र बारा महिने उजवीकडे. गाडीच्या दिशेने तोंड असलेली ती हवेची खिडकी, पाठ असलेली ती उलटी. उलट्या खिडकीला ते 'अर्धी' म्हणतात.

या शास्त्राला त्यांनी इतिहासही जोडलाय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ती दुपारी साडेतीनच्या सुमारास. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, तोफांची सलामी, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. काकांना त्यातली एकच गोष्ट छळते. "एप्रिल महिना, दुपारचे साडेतीन, तोंड उत्तरेला. अरे, डावीकडचे दोनशे पाहुणे ठाण्यापर्यंत भाजून निघाले असतील. कुणी लिहून ठेवलंय का कुठे?"

आता शटर. खिडकीकाकांची खरी ओळख तिथे होते. त्यांचं एक वाक्य आमच्या डब्यात सगळ्यांना पाठ होतं: "खिडकी माझी, शटर सगळ्यांचं." जुन्या डब्यांत एक फटी असलेलं पत्र्याचं शटर असे आणि एक काच. उन्हाला पत्रा, पावसाला काच, हा त्यांचा नियम, कारण पत्रा ऊन अडवून हवा आत सोडतो आणि काच पाणी अडवून उजेड. दोन्हीकडच्या कळा एकाच वेळी दाबल्याशिवाय शटर हलत नाही आणि एक कळ हमखास गंजलेली असते. ज्याला हे माहीत नाही तो ओढाओढ करतो आणि शटर बोटांवर येतं. काकांच्या खिशात दुमडून जाड केलेला पुठ्ठ्याचा तुकडा असायचा. शटर वर गेलं की तो खाचेत बसवायचा आणि उतरताना आठवणीने काढून घ्यायचा. तो पुठ्ठा कुठल्या तरी लग्नाच्या पत्रिकेचा होता. त्या नवरा-नवरीची मुलं आता कॉलेजात जात असतील.

तर शटर सगळ्यांचं, म्हणून विचारणं आलं. "उघडू की राहू दे?" हा प्रश्न काका समोरच्या बाकड्याला, शेजारच्यांना, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेल्याला आणि दोन बाकड्यांच्या मधे गुडघ्यांना गुडघे घासत उभ्या असलेल्यांनाही विचारत. विचारताना हात कळांवर गेलेले असत, हे खरं. पण विचारत. कुणी म्हणे, उघडा, जीव गुदमरतोय. कुणी म्हणे, नको, पेपर उडतो. कुणाला सर्दी असे. कांजूरच्या आसपास कचऱ्याचा वास आला की बंद करण्यावर एकमत आणि घाटकोपर सुटलं की पुन्हा मतदान. आणि या मतदानात एक विलक्षण कलम होतं, ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. झोपलेल्या माणसाचंही मत धरलं जाई आणि ते नेहमी 'राहू दे' असंच धरलं जाई. "जागा माणूस भांडू शकतो. झोपलेल्याच्या वतीने भांडणार कोण?" असं म्हणून काका कोपऱ्यात मान टाकलेल्या एखाद्या अनोळखी माणसासाठी स्वतः घामाघूम होत बसत. मला तेव्हा याचा फार राग येई. तो झोपलेला माणूस आपल्यासाठी सात जण उकडतायत हे स्वप्नातही जाणत नसे. काही जण तर झोपेचं सोंग घेऊन शटरचा निकाल आपल्या बाजूला लावत. काकांना ते ओळखू येई. ते म्हणत, "सोंग घ्यायला पण दमलेला माणूस लागतो."

या लोकशाहीला दोन अपवाद होते. एक म्हणजे होळीच्या आधीचे दिवस. रुळांच्या कडेने पाण्याच्या पिशव्या येऊ लागल्या की काका कुणाला विचारत नसत, पत्रा खाली. दुसरा म्हणजे पुढची खिडकी. तिथून एखादी मान बाहेर आली आणि तोंड भरलेलं दिसलं की काका अशा चपळाईने काच पाडत की आम्हाला कळायच्या आत लाल ठिपके काचेवर बाहेरून उमटलेले असत. त्यानंतर ते कुणाकडे न बघता रुमालाने चष्मा पुसत. त्यांना कुणी 'थँक्यू' म्हटलेलं मी ऐकलं नाही. खिडकीतल्या माणसाचं ते कामच असतं, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

झोपेचे नियम त्याहून बारीक. शेजाऱ्याची मान आपल्या खांद्यावर पडली तर ठाण्यापर्यंत राहू द्यायची. ठाण्यानंतर खांदा हळूच पुढे काढून घ्यायचा, म्हणजे मान मागे पत्र्याला टेकते. झटकायची नाही. उठवायचं झालं तर हाक मारायची नाही, कारण एकाला मारलेल्या हाकेने चौघे जागे होतात. गुंडाळलेल्या पेपरने गुडघ्यावर दोनदा टकटक करायची. ग्रुपमध्ये कोण घाटकोपरला उतरतो, कोण दादरला, कोण भायखळ्याला, हे काकांना तोंडपाठ. स्वतः घोरत असताना ते घाटकोपरवाल्याच्या गुडघ्यावर पेपर कसे आपटत, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. कुर्ल्याला बसलेल्यांनी उठून उभ्यांना बसवायचं, हा आमच्या ग्रुपचा रिवाज. काकाही उठत, खिडकी सोडून देत, आणि मग खिडकीत नव्याने बसलेल्याला डोक्यावरून सूचना करत राहत. "डावी कळ आधी. डावी. अरे, तुझी डावी."

एकदा मात्र त्यांच्या या सेवेने घोटाळा केला. संध्याकाळची बदलापूर गाडी. शेजारी एक नवखा पोरगा गाढ झोपलेला. मांडीवरच्या पिशवीवर ठाण्यातल्या एका मिठाईवाल्याचं नाव. काकांनी पिशवीवरून पत्ता काढला आणि ठाणे येताच टकटक केली. "उठ रे, ठाणे आलं." पोरगा डोळे न उघडताच उठला, गर्दीबरोबर वाहत गेला आणि फलाटावर उतरल्यावर त्याला जाग आली. गाडी सुटली तेव्हा तो आमच्याकडे बघत होता. तोंड उघडं, हातात पिशवी. नंतर समोरच्या बाकड्यावरून कुणी तरी सांगितलं की तो बदलापूरचा, रोज शेवटपर्यंत जातो. काका त्या रात्री जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारी कुणीही येऊन बसला की पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" त्याने स्टेशन सांगितलं की काका म्हणत, "मग झोपा निवांत."

काकूंना या सगळ्याचं कौतुक नाही. त्यांनीही लेडीज डब्यातून नोकरी केली. त्यांचं म्हणणं, खिडकीतल्या बाईच्या मांडीवर चौघींच्या पर्सा, एकीचा डबा आणि निवडायची मेथी, ती झोपणार कधी आणि शटरचं मतदान घेणार कधी? "बायकांनी कधी एवढं शास्त्र केलं नाही. पोटुशी बाई आली की खिडकी तिची. झालं शास्त्र." यावर काका गप्प बसतात. घरातही ते पडदा सारायच्या आधी, "उघडू की राहू दे?" विचारतात, आणि काकू उत्तर देत नाहीत.

पारसिकचा बोगदा हे काकांचं हळवं स्थान. १९१६ साली झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. ठाणे आणि दिव्याच्या मधला हा अंधार आमच्याकडच्या फास्ट गाडीचा गजर होता. आत शिरलं की चाकांचा आवाज बदले, पोरं उगीच आरोळ्या ठोकत आणि झोपलेला डोंबिवलीकर न उठवता उठे. दिवा, कोपर, डोंबिवली. बॅग रॅकवरून काढायला अगदी नेमका वेळ. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल बोगदा सोडून मुंब्र्याच्या बाजूने, उजेडातून जाऊ लागल्या. बोगदा राहिला तो लांब पल्ल्याच्या गाड्यांना. काका तोवर निवृत्त झाले होते. दादरला बहिणीकडे जाऊन येताना त्यांनी सवयीने डोळे मिटले, ते बोगद्याची वाट बघत मिटूनच राहिले आणि कल्याणला उघडले. "म्हणजे फुकट डाऊन झालं," मी म्हटलं. त्यांना हसू आलं नाही. मेल-एक्स्प्रेसवाल्यांना त्या बोगद्याचा काय उपयोग, ते तर नाशिकपर्यंत झोपणार, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो मला आजही बिनतोड वाटतो.

डिसेंबर २०२० मध्ये आमच्या मार्गावर एसी लोकल आली होती. गर्दीची भीती ओसरल्यावर काका एकदा हौसेने तिच्यातून गेले. खिडकी छान मोठी, पण उघडत नाही, शटर नाही, कळ नाही. डाव्या बाजूला बसावं लागलं आणि मुलुंडला ऊन आलं. काकांचे हात काचेच्या खालच्या कडेवर कळ शोधत फिरले. शेजारच्या मुलीने कानातलं काढून विचारलं, "काय झालं अंकल?" काका म्हणाले, "काही नाही, विचारणार होतो." काय विचारणार होते, ते तिला कळलं नसणार. एसी लोकलबद्दल त्यांचा शेरा एवढाच आहे: गाडी चांगली, पण खिडकीतल्या माणसाला कामच नाही.

आणि मग ते विमानात बसले. मुलगा एडिसनला असतो, म्हणजे न्यू जर्सीत. लंडनला विमान बदलून नेवार्कला उतरायचं. काकूंनी मेथीचे ठेपले आणि गोडा मसाला बांधला. काकांनी जागांचा अभ्यास केला. लंडनहून दिवसा निघायचं, पश्चिमेकडे जायचं, सूर्य दक्षिणेला, म्हणजे पुन्हा डावी तापणार. मुलाला फोन करून त्यांनी उजवीकडची खिडकी घ्यायला लावली. मुलगा म्हणाला, बाबा, वर सगळीकडे एसी असतो. काका म्हणाले, "एसीत ऊन येत नाही का?"

परत आल्यावर सोसायटीच्या बाकड्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. पहिल्या विमानाला सरकवायची पांढरी झडप होती. ती उतरताना आणि उडताना उघडी ठेवा, असं हवाईसुंदरी सांगून गेली. का, ते काकांनी विचारून घेतलं. बाहेर धूर-आग काही असेल तर दिसावी आणि पटकन बाहेर पडायची वेळ आलीच तर डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी, म्हणून. काकांना हे अतिशय पटलं. त्यांच्या मते लोकलचे नियम कुणी लिहिले असते तर असेच लिहिले असते.

दुसरं विमान ड्रीमलायनर. त्याला झडपच नाही. खिडकीखाली एक बटण. दाबलं की काच हळूहळू निळी होत जाते आणि शेवटी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. मधल्या सीटवर एक तरुण पोरगा येऊन बसला, पलीकडे काकू. काकांनी पोराला विचारलं, "कुठे उतरणार?" हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत. अटलांटिक महासागरावर मधे कुठे स्टेशन नाही हे काकांना माहीत नव्हतं असं नाही, पण विचारल्याशिवाय त्यांना बसताच येईना. पोरगा म्हणाला, "नेवार्क." काका म्हणाले, "मग झोपा निवांत." आणि तो खरंच झोपला.

जेवणं झाली आणि भर दुपारी एकदम सगळ्या खिडक्या काळ्यानिळ्या होत गेल्या. कुणीही बटण न दाबता. काकांनी आपलं दाबून पाहिलं, काही फरक पडेना. लोकांना झोपता यावं म्हणून विमानातले कर्मचारी एका जागेवरून सगळ्या काचा काळ्या करू शकतात, हे त्यांना नंतर कळलं. "म्हणजे गार्डाने मागच्या डब्यात बसून अख्ख्या गाडीची शटरं पाडल्यासारखंच की रे हे!" ते मला म्हणाले. त्यांना राग अंधाराचा नव्हता. एवढी शंभर-दोनशे माणसं, आणि एकानेही विचारलं नाही, उघडू की राहू दे?

त्यांनी हवाईसुंदरीला बोलावून विनंती केली. ती भली होती. म्हणाली, तुमच्यापुरती थोडी उजळ करून देते, पण शेजारच्यांना चालेल ना? हा प्रश्न ऐकून काका एवढे खूश झाले की म्हणे त्यांनी तिला ठेपला देऊ केला. मग पुढच्या रांगेला विचारलं, मागच्या रांगेला विचारलं, सगळे हो म्हणाले. काकू म्हणाल्या, उघडा एकदाची. आणि मग काकांची नजर मधल्या सीटवर गेली. पोरगा गाढ झोपेत, मान काकांच्या खांद्याकडे कललेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय मग? राहू दे म्हटलं तिला."

तो पोरगा अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत झोपला. काकांना बाथरूमला जायचं होतं, तेही गेले नाहीत, कारण नेवार्क यायचं होतं. विमान खाली उतरू लागलं तशा काचा आपोआप उजळल्या. काकांनी गुंडाळलेल्या मासिकाने त्याच्या गुडघ्यावर दोनदा टकटक केली. तो दचकून उठला, 'सॉरी' म्हणाला, कानात बोंडं घातली, फोन सुरू केला आणि दार उघडल्याबरोबर बॅग ओढत निघून गेला. काकांना हेच लागलं. न्यू जर्सीतल्या हिरवळीबद्दल, मुलाच्या घराबद्दल, तिथल्या बर्फाबद्दल त्यांनी दोन वाक्यांत आटपलं, पण या पोराबद्दल ते पुन:पुन्हा बोलत राहिले.

"आठ तास मांडीला मांडी लावून बसला माझ्या," काका म्हणाले. "आणि उतरताना 'उद्या कुठली गाडी?' एवढंही विचारलं नाही."